१४. सी. आय. ई.

‘कंपॅनियन ऑफ दि ऑर्डर ऑफ दि इंडियन एम्पायर’ या ब्रिटिश किताबाची आद्याक्षरे. व्हिक्टोरिया राणीने ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ हे पद घेतल्यानंतर १८७८ च्या आरंभापासून हा किताब सुरू झाला. प्रथम त्यात एकच वर्ग होता. १८८६-८७ मध्ये के. सी. आय. ई. आणि जी. सी. आय. ई. हे वरचे दोन वर्ग जोडले गेले. वरच्या वर्गांतील व्यक्तीच्या नावाआधी ‘सर’ लागे. सी. आय. ई.ला तो मान नव्हता. त्याची खूण फक्त नावापुढच्या या तीन अक्षरांत असे. बढती मिळाली की खालच्या वर्गाची अक्षरे गळून वरची येत. रा. गो. भांडारकर १८८९ मध्ये सी. आय. ई. झाले आणि १९११ मध्ये के. सी. आय. ई. होऊन ‘सर’ झाले.

प्रस्तुत उताऱ्यातील गोखले यांना सी. आय. ई. १९०४ मध्ये मिळाली. १९१४ मध्ये देऊ केलेली के. सी. आय. ई. त्यांनी नाकारली, म्हणून त्यांना ‘सर’ लिहिणे चूक होय. जुन्या मजकुरात त्यांच्या नावाआधी येणारे ‘ना.’ म्हणजे नामदार, हे कायदेमंडळाच्या सभासदत्वामुळे लागलेले आहे, किताबामुळे नव्हे. १९४७ नंतर हा किताब नव्याने कोणा भारतीयाला दिला गेला नाही. स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद १८ ने असे किताब बंद केले. पद्म पुरस्कारही नावाच्या मागेपुढे लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. — संपा.