तिथीची पाऊणपट

गणेशपुरी म्हटलं की पाहुण्यांना गरम पाण्याची कुंडं आठवतात. समुद्र कोणाला आठवत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण आमच्या जवळून वाहणारी तानसा पुढे वैतरणेला मिळते, वैतरणेची खाडी होते, आणि त्या खाडीत दिवसातून दोनदा अरबी समुद्र वर चढतो. भिवंडी-कल्याणच्या अंगाला उल्हास नदीच्या खाडीत तेच. सोपारा आणि कल्याण ही समुद्रापासून आत असलेली गावं एके काळी नावाजलेली बंदरं का होती, असं मुलांना विचारलं की ती गप्प बसत. उत्तर भरती हेच होतं. शिडात वारा नसला तरी भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत येतं आणि ओहोटीबरोबर बाहेर पडतं. फक्त वेळ ठाऊक हवी.

ही वेळ काढण्याचा एक हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीन. (हल्ली मुलांना पावकी-निमकीच येत नाही, तर पाऊणकी कुठून येणार! असो.) पौर्णिमा-अमावास्येला मात्र हिशेब सव्वाअकरा देतो आणि मुंबईत पाणी भरतं बाराच्या आसपास. ही तूट का? तीस तिथींमध्ये भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास ४५ मिनिटांचा. रोजची तीन मिनिटं पंधरा दिवसांत पाऊण तास होतात. आता गंमत पाहा, ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटिका. तेव्हा मूळ हिशेब 'तिथीची दुप्पट घटिका' असा असावा आणि घड्याळं आल्यावर त्याची पाऊणपट झाली असावी, असा माझा आपला तर्क.

चंद्राचा आणि पाण्याचा संबंध लोकांना फार पूर्वीपासून माहीत होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाचं 'पेरिप्लस' नावाचं टिपण आहे. त्यात सोपारा आणि कल्याणची नावं येतात, आणि भडोचच्या भरतीचं वर्णन तर अंगावर काटा आणणारं आहे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी वाढतं, मधल्या दिवसांत कमी होतं, हे त्याने स्पष्ट नोंदवलं आहे. परक्या जहाजांना वाट दाखवायला तिथल्या राजाने स्थानिक कोळी नेमले होते, तेही लिहिलं आहे. ज्ञान त्या कोळ्यांचं, नोंद ग्रीकाची!

विष्णुपुराणातही भरतीचा विचार आहे. समुद्राचं पाणी मुळात वाढत नाही की घटत नाही, तापलेल्या भांड्यातल्या पाण्यासारखं ते चंद्राबरोबर फुगतं, असं तिथे म्हटलं आहे. चढउताराचं मापही दिलं आहे, ५१० अंगुळं. अंगुळ पाऊण इंचाचं धरलं तर हे बत्तीस फुटांच्या जवळ जातं. मुंबईत मोठ्या उधाणालाही पाणी साधारण सोळा फूट चढतं. बत्तीस फूट म्हटलं की खंबायतचं आखात आठवतं, भावनगरकडे एवढा चढउतार होतो. लिहिणाऱ्याने ते माप कुठून आणलं असेल?

पण चंद्र हे करतो कसं, हे कळायला फार काळ गेला. केप्लरने चंद्राच्या ओढीला कारण मानलं, तर गॅलिलिओने १६३२च्या ग्रंथात त्याबद्दल नापसंती दाखवली. पृथ्वीच्या दोन गतींमुळे पाणी हिंदकळतं, असं त्याचं म्हणणं. त्या हिशेबाने दिवसाला एकच भरती यायला हवी. खाडीकाठचं कोणतंही पोर त्याला चूक दाखवू शकलं असतं.

उकल न्यूटनने १६८७ साली केली. चंद्राची ओढ चंद्राकडच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. भरती होते ती या फरकामुळे. म्हणून चंद्राकडे एक फुगवटा आणि विरुद्ध बाजूला दुसरा. सूर्याचं काय? सूर्याची पृथ्वीवरची एकूण ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे. पण तो सुमारे ३९० पट लांब, त्यामुळे अलीकडच्या आणि पलीकडच्या ओढीत फरक थोडा पडतो. भरतीच्या कामात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच. पौर्णिमा-अमावास्येला दोघे एका रेषेत येतात तेव्हा उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास काटकोनात असतात तेव्हा भांग.

तरीही न्यूटनच्या उत्तरावरून मुंबईची वेळ काढता येत नाही. समुद्राची खोली, किनाऱ्याचं वळण, सगळं मध्ये येतं. लाप्लासने पुढच्या शतकात भरती ही चालती लाट आहे हे गणिताने मांडलं. आपल्या किनाऱ्यावर ती लाट दक्षिणेकडून वर येते. गोव्यात भरती मुंबईच्या आधी, भावनगरला कितीतरी नंतर. म्हणून प्रत्येक बंदरात मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत. अशा नोंदींवरून पुढच्या भरत्या काढणारं दातेरी चाकांचं यंत्र लॉर्ड केल्विनने १८७२च्या सुमारास योजलं, आणि १८७९ साली खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठीही एक बनलं. मात्र ते चालायचं इंग्लंडात. आमच्या पाण्याची वेळ तिकडून छापून यायची.

२६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि नेमकी दुपारी तीनच्या आधी जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती. पावसाच्या पाण्याला समुद्रात उतरायला वाटच नव्हती. इकडे उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूर बुडालं. गुरुपौर्णिमा २१ तारखेला झालेली. पाचवा दिवस, पाच पाऊणे पावणेचार. भरती मात्र तासभर आधी आली होती. हा फरक सूर्याचा. उधाणाच्या दिवसांत तो भरतीची वेळ रोज ४८ मिनिटांपेक्षा कमी सरकू देतो, आणि भांगाच्या दिवसांत जास्त सरकवून ती भरपाई करतो. पाऊणकीत चंद्र तेवढा आहे, सूर्य नाही. जुनी माणसं ही वजाबाकी अनुभवाने करत असतील.

हा हिशेब मुंबई-ठाण्याच्या खाड्यांचा. रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींनी तिकडे तिथीतून किती वजा करतात ते जरूर कळवावं. माझ्या वहीत ती पानं कोरी आहेत.