रंगीत माशाचे काळपट नाव

हॅलिकोएरेस निग्रेसेन्स. रॅस कुळातील, उथळ खडकांत आणि प्रवाळांत वावरणारा, जेमतेम वीतभर लांबीचा मासा. अंग हिरवट, डोक्यावर गुलाबी-तांबूस पट्टे. नावातील ‘निग्रेसेन्स’चा लॅटिन अर्थ मात्र ‘काळपट होत जाणारा’! हे नाव आले कोठून, ते पाहू.

१६२० साली तंजावरच्या नायक राजाने डेन लोकांना तरंगमबाडी हे बंदर दिले. पुढे नायक गेले आणि व्यंकोजीराजांचे मराठे आले. तरी बंदराबद्दलची वार्षिक रक्कम तंजावर दरबारात येतच राहिली. याच तरंगमबाडीत १७७१ मध्ये क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन हा जर्मन मिशनरी उतरला. त्याला धर्मप्रसाराइतकाच शंखशिंपल्यांचा आणि माशांचा नाद होता. येथले मासे तो बर्लिनला मार्कुस ब्लॉख या वैद्याकडे पाठवी.

ब्लॉखने माशांवर १२ खंड काढले. त्यांत ४३२ रंगीत चित्रे आहेत. आपला हा समुद्र मात्र त्याने कधी पाहिला नाही. १७९९ मध्ये तो वारला. अपुरा राहिलेला ग्रंथ योहान श्नायडरने १८०१ मध्ये प्रसिद्ध केला; आपल्या माशाचे नाव त्यातलेच.

अजब बंगल्यातले पेंढा भरलेले प्राणी पाहत वाढलेल्या आम्हां नागपूरकरांना एवढे कळते की, टिकवून ठेवलेल्या देहाचा रंग टिकत नाही. माशांत तर तो फारच लवकर जातो. ‘निग्रेसेन्स’ हे अशा रंग उडालेल्या देहाचे वर्णन असावे, हा माझा तर्क, पुरावा नव्हे. रॅस माशांत ही हानी किरकोळ नाही. यांतील अनेक जाती आधी मादी असतात, मग नर होतात आणि त्यासरशी रंगही पालटतात. त्यामुळे एकाच जातीच्या नर-मादीला दोन वेगळी नावे दिल्याचे प्रकार या कुळात वारंवार घडले.

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. ब्लॉखने आपल्याकडच्या ढोम्याच्या प्रजातीला जॉनवरून ‘जॉनियस’ म्हटले, आणि तिच्यातील एका जातीला ‘कारुट्टा’. हा शब्द तमिळ आहे, अर्थ पुन्हा काळाच! तरंगमबाडीच्या कोळ्यांच्या तोंडचे नाव जॉनच्या पत्रांतून बर्लिनला पोहोचले आणि शास्त्रात कायम झाले. रॅसच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. कोळ्यांनी तो जिवंत, रंगांसकट पाहिला होता. ते त्याला काय म्हणत, हे त्याच्या शास्त्रीय नावात कोठेच उरलेले नाही.