कलम ६६ अ : रद्द झालेला कायदा, चालू राहिलेले गुन्हे

राजकारण, समाज किंवा सत्ताधारी यांविषयी संगणकावरून वा मोबाइलवरून चार ओळी लिहिल्याबद्दल नागरिकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठविण्याची तरतूद आपल्या कायद्यात २००९ ते २०१५ या काळात होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ ही ती तरतूद. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ती संपूर्णपणे घटनाबाह्य ठरविली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे देशभरातील पोलीस ठाण्यांत तिच्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. न्यायालयाने रद्द केलेला कायदा व्यवहारात इतकी वर्षे कसा तग धरून राहतो, हे समजून घेण्यासाठी या कलमाचा प्रवास मुळापासून पाहणे इष्ट ठरेल.

मूळ माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरला तो अमलात आला. त्याचा हेतू मुख्यत: व्यापारी होता. इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांना व डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता देणे आणि संगणकातील घुसखोरीला आळा घालणे, एवढाच त्याचा आवाका. मतप्रदर्शनाशी त्याचा संबंध जवळजवळ नव्हता. कलम ६६ अ त्यात घुसले ते दुरुस्तीद्वारे. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला महिनाही पूर्ण झालेला नसताना, डिसेंबर २००८ मध्ये, गदारोळ चालू असलेल्या लोकसभेने दुरुस्ती विधेयक चर्चेविनाच मंजूर केले. पाठोपाठ राज्यसभेचीही मान्यता मिळाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून दुरुस्त कायदा लागू झाला. देशातील कोट्यवधी लोकांच्या बोलण्या-लिहिण्याशी थेट संबंध असलेल्या कलमावर लोकप्रतिनिधींच्या सभागृहात एकही वाक्य बोलले जाऊ नये, ही गोष्ट पुढील सर्व घटनांची गुरुकिल्ली आहे.

या कलमाचे तीन भाग होते. संगणक वा संपर्क साधनाद्वारे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा धमकीवजा स्वरूपाची माहिती पाठविणे हा पहिला. खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धाकदपटशा, वैर, द्वेष किंवा दुर्भावना निर्माण करण्यासाठी वारंवार पाठविणे हा दुसरा. तिसरा भाग ई-मेलसंबंधी. त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून अथवा पाठविणाऱ्याविषयी दिशाभूल करण्यासाठी पाठविलेला संदेश त्यात येई. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा जामीनपात्र होता खरा, पण तो दखलपात्रही होता. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून पोलीस अटक करू शकत. भूकंप किंवा बॉम्बस्फोटाची अफवा आणि शेजाऱ्याला डिवचणारा निरोप या दोहोंना एकाच ओळीत बसविणारा असा मसुदा ज्यांनी लिहिला, त्यांच्यासमोर बहुधा उपद्रवी ई-मेलच होते. त्यांनी लिहून ठेवले ते मात्र भलतेच.

यातील शब्द इंग्लंडहून आले. तेथील १९३५ च्या टपाल खातेविषयक कायद्यात टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, अश्लील वा धमकीचे निरोप देण्यास मनाई होती. सार्वजनिक पैशांतून चालणाऱ्या सेवेचा गैरवापर होऊ नये, हा त्यामागील विचार. पुढे २००३ च्या कम्युनिकेशन्स कायद्याच्या कलम १२७ मध्ये हेच शब्द उतरले. तेथे कमाल शिक्षा सहा महिन्यांची होती. आपण ती थेट सहापट केली, आणि ‘त्रास’, ‘गैरसोय’ हे शब्द तर प्रत्यक्ष दूरध्वनी करून छळण्याच्या संदर्भातून उचलून सर्वांनी वाचावयाच्या मजकुराला लावले.

२०१२ : अटकांचे वर्ष

पहिली दोन-अडीच वर्षे या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१२ मध्ये मात्र एकामागून एक प्रकरणे पुढे आली. एप्रिलमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटातील संवादांचा आधार घेऊन केलेली ती साधी थट्टा होती. मे महिन्यात मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना राजकीय नेत्यांविषयीच्या मजकुरासाठी पकडण्यात आले आणि त्यांना सुमारे बारा दिवस कोठडीत काढावे लागले. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. त्यांच्यावर राजद्रोहाचे कलमही लावले होते, ते नंतर राज्य सरकारला मागे घ्यावे लागले. ऑक्टोबरमध्ये पुद्दुचेरीतील एका छोट्या उद्योजकाला तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या पुत्राविषयी केलेल्या ट्विटसाठी पहाटे घरातून नेण्यात आले. त्याच्या ट्विटरवरील अनुयायांची संख्या त्या वेळी जेमतेम दोन आकडी होती. अटकेनंतर तेच ट्विट देशभर वाचले गेले, हे सांगावयास नकोच.

या सर्व प्रकरणांत एक सूत्र दिसते. तक्रारदार सत्तेच्या जवळचा असतो, लिहिणारा सामान्य असतो आणि पोलिसांची तत्परता नेहमीच्या अनुभवाशी न जुळणारी असते. पालघरने हे सूत्र उघडे पाडले.

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसरातील व्यवहार बंद होते. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका एकवीस वर्षांच्या तरुणीने, शहर आदरापोटी नव्हे तर भीतीपोटी बंद आहे, अशा आशयाचा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. जमावाने एकीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड केली आणि पोलिसांनी अटक केली ती या दोन मुलींना. आधी धार्मिक भावना दुखावल्याचे कलम लावले गेले. ते बसत नाही हे लक्षात आल्यावर दुसरे कलम आणि ६६ अ आले. प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर त्यांची सुटका झाली. भारतीय प्रेस परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्याकडे कारवाईची मागणी केली. चौकशीनंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि यथावकाश गुन्हाही मागे घेण्यात आला. ‘लाइक’ करणे हा गुन्हा कसा, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. मात्र कलमाच्या शब्दांत ते सहज बसविता येत होते, हीच खरी अडचण होती.

न्यायालयात काय घडले?

नोव्हेंबर संपण्यापूर्वीच श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पुढे तिला पीयूसीएलसारख्या संघटना, व्यावसायिक संकेतस्थळे, खासदार राजीव चंद्रशेखर आदींच्या याचिका जोडल्या गेल्या. केंद्राने जानेवारी २०१३ मध्ये परिपत्रक काढून, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय या कलमाखाली अटक करू नये, असे राज्यांना कळविले. मलमपट्टीच ती. २०१४ मध्ये केंद्रात सत्तांतर झाले. विरोधात असताना या कलमावर टीका करणाऱ्यांच्याच सरकारने न्यायालयात त्याचा बचाव केला. कायद्याचा गैरवापर होणार नाही, असे आश्वासन सरकारतर्फे देण्यात आले. त्यावर न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, सरकारे येतात नि जातात, कलम मात्र राहते. आजच्या सरकारची हमी उद्याच्या सरकारवर बंधनकारक नसते.

न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाचा हा निकाल न्या. नरिमन यांनी लिहिला. मतप्रदर्शनाच्या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा किंवा हिरिरीने केलेला पुरस्कार कितीही अप्रिय असला तरी तो स्वातंत्र्याच्या कक्षेत येतो; चिथावणीची पायरी गाठली गेली, तरच निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो. राज्यघटनेच्या १९ (२) या अनुच्छेदात निर्बंधांसाठी देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी एवढीच कारणे नमूद आहेत. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ त्यांत नाहीत. एखाद्याला वैताग आला म्हणून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडते, असे म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा संदिग्धतेचा. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ म्हणजे काय, हे कलमात कोठेही सांगितलेले नव्हते. न्यायालयाने येथे इंग्लंडमधीलच दोन खटल्यांचा दाखला दिला. तेच शब्द, तेच तथ्य; तरीही खालच्या न्यायालयांनी एक निष्कर्ष काढला आणि वरच्या न्यायालयाने नेमका उलटा. अनुभवी न्यायाधीशांना ज्या शब्दांचा एकच अर्थ लागत नाही, तो ठाणे अंमलदाराला रात्रपाळीत कसा लागावा आणि सामान्य माणसाने लिहिण्यापूर्वी तो कसा ओळखावा? अशा कायद्यामुळे निषिद्ध नसलेले बोलणेही लोक भीतीने टाळतात, हे निकालाचे तात्पर्य होते. इंटरनेटसाठी वेगळे गुन्हे ठरविण्यास हरकत नाही, हे मात्र न्यायालयाने मान्य केले. तसेच संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९ अ कायम ठेवले. विजयाच्या उत्साहात या भागाकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही. पुढील दहा वर्षांतील बहुतेक वाद त्याच वाटेने आले.

निकालानंतरची सात वर्षे

येथून या कथेचा विलक्षण भाग सुरू होतो. पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणून दिले की, रद्द कलमाखाली गुन्हे नोंदविणे चालूच आहे. जानेवारी २०१९ मध्ये न्या. नरिमन यांनी संबंधित अधिकाऱ्यांना तुरुंगात पाठविण्याचा इशारा दिला आणि पुढील महिन्यात निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालये, मुख्य सचिव व पोलीस महासंचालकांकडे पाठविण्याचा आदेश झाला. तरीही मार्च २०२१ मध्ये अकरा राज्यांतील जिल्हा न्यायालयांत ७४५ प्रकरणे प्रलंबित असल्याची आकडेवारी न्यायालयापुढे आली. निकालानंतर दाखल झालेल्या गुन्ह्यांत ३८१ या संख्येसह महाराष्ट्र आघाडीवर होता. ज्या राज्यातील पालघरमुळे हे कलम गेले, त्याच राज्याने ते सर्वाधिक वापरावे!

जुलै २०२१ मध्ये ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी खुलासा केला की, कायद्याच्या पुस्तकात कलम छापलेलेच आहे, ते रद्द झाल्याचे फक्त तळटीपेत असते. हा खुलासा हास्यास्पद वाटला, तरी ठाण्यातील वास्तव त्याहून वेगळे नाही. फिर्याद लिहून घेणारा हवालदार तळटीप वाचत नाही. आधीच्या गुन्ह्यातील कलमांची यादी समोर ठेवून नवी यादी उतरविली जाते. आरोपपत्र झाल्यावर सरकारी वकिलाने किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते पाहून थांबवावे, ही अपेक्षा. ती पुरी न झाल्यास, कायदाच अस्तित्वात नाही हे सांगण्यासाठी आरोपीला वकील करून उच्च न्यायालयात जावे लागते. प्रा. महापात्रा यांची मुक्तता जानेवारी २०२३ मध्ये झाली; म्हणजे अटकेनंतर जवळपास अकरा वर्षांनी आणि कलम रद्द झाल्यानंतर आठव्या वर्षी. निर्दोष सुटणे हीच येथे शिक्षा ठरते.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे पुन्हा एकदा बजावले. कायद्याच्या पुस्तकातून ते संसदेने वगळले ते २०२३ च्या जनविश्वास कायद्याने.

दरम्यान नव्या वाटा शोधल्या जातच होत्या. केरळ सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये पोलीस कायद्यात ११८ अ हे तशाच धाटणीचे कलम वटहुकमाने आणले आणि टीकेनंतर काही दिवसांतच मागे घेतले. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून, सरकारी कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी हे ठरविणाऱ्या सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’ची तरतूद केली. त्या वेळी माहिती तंत्रज्ञान खात्याचे राज्यमंत्री होते ते राजीव चंद्रशेखरच, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी ६६ अ विरुद्ध याचिका केली होती. विनोदी कलाकार कुणाल कामरा आदींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाले. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. त्यांच्या निकालातही ‘खोटे’ व ‘दिशाभूल करणारे’ या शब्दांची संदिग्धता हे एक कारण होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वैमनस्य पसरविणे, धार्मिक भावना दुखावणे, अफवा पसरविणे यांची जुनी कलमे नव्या क्रमांकांनी आली आहेत. एका कवितेच्या चित्रफितीवरून गुजरातमध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर याच संहितेखाली नोंदविलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी रद्द केला. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अशा गुन्ह्यांत, लिहिलेल्या वा बोललेल्या शब्दांवरून फिर्याद आली असता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) नुसार आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, असे न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने त्या निकालात नमूद केले. या चौकशीला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती चौदा दिवसांत पूर्ण करावयाची असते.