पानगळीच्या वाटेवरची घरे

ऑक्टोबरात आपल्याकडे पाऊस सरतो, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडतात आणि उन्हाचा ताप पुन्हा जाणवू लागतो. त्याच दिवसांत अमेरिकेच्या पूर्व भागात थंडीची चाहूल लागते आणि डोंगरच्या डोंगर रंगून जातात. पानांतील हिरवे द्रव्य विरू लागले की त्याखाली झाकलेला पिवळा रंग वर येतो. काही झाडे त्याच सुमारास तांबडा रंग नव्याने तयार करतात. हिकरी सोन्यासारखी पिवळी होते, मेपल पेटल्यासारखा दिसतो, ओक सावकाश तपकिरी होत जातो. हा सोहळा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. तेवढ्यात शनिवार-रविवार साधून तेथील कुटुंबे मुलाबाळांसह मोटारीतून बाहेर पडतात, वाटेतल्या लहान गावांत थांबतात आणि सफरचंदांच्या पिशव्या घेऊन घरी परततात.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मी वॉशिंग्टनजवळ राहणाऱ्या माझ्या पुतण्याकडे पाहुणा होतो. एका शनिवारी त्याने मला, सुनेला आणि दोन्ही मुलांना मोटारीत घातले आणि व्हर्जिनिया राज्यातील 'स्कायलाइन ड्राइव्ह' या रस्त्यावर नेले. फ्रंट रॉयल या गावापासून सुरू होणारा हा १०५ मैलांचा रस्ता ब्लू रिज पर्वताच्या कण्यावरून, शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातून जातो. ताशी ३५ मैलांहून अधिक वेगाने तेथे गाडी हाकता येत नाही. जागोजागी दगडी कठड्यांचे थांबे आहेत. तेथे उभे राहिले की एका अंगाला शेनांडोआ नदीचे खोरे आणि दुसऱ्या अंगाला सखल पठार दिसते. खाली पश्चिमेला गुहांसाठी प्रसिद्ध असलेले ल्युरे आणि पूर्वेला सफरचंदांच्या बागांचे स्पेरीव्हिल ही गावे वसली आहेत.

दुपारी एका पायवाटेने आम्ही थोडे आत उतरलो. ओक वृक्षांच्या दाटीत एक वेडेवाकडे, शेवाळलेले झाड होते आणि त्याखाली लहान, किडकी सफरचंदे पडली होती. धाकट्याने एक उचलून मला विचारले, "फादरकाका, जंगलात सफरचंद कुणी लावलं?" मला उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले, विचारले आणि पाहिले, त्यातून जे उत्तर मिळाले ते येथे मांडत आहे.

या पर्वतावर प्रथम मॅनाहोक व मोनाकन या मूळ जमातींचा वावर होता. अठराव्या शतकापासून युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांची कुटुंबे खोऱ्यांतून वर चढत गेली. इंग्रज, जर्मन आणि स्कॉट-आयरिश वंशाचे हे लोक डोंगराच्या घळींत लाकडी ओंडक्यांची घरे बांधून राहू लागले. मका, भाजीपाला, दोन-चार गुरे, दारापुढे सफरचंदाची झाडे, असा त्यांचा संसार होता. रोख पैसा देणारे मोठे झाड म्हणजे चेस्टनट. शरद ऋतूत त्याची फळे जमिनीवर सडा घालत. मुलेबाळे ती वेचून दुकानदाराकडे नेत आणि बदल्यात हिवाळ्यासाठी जोडे, कापड, साखर आणत. त्याची साल कातडी कमावण्याच्या कामी येई.

१९०४ मध्ये न्यू यॉर्क शहरात या झाडांवर एक बुरशीजन्य रोग आढळला. पुढील तीन दशकांत तो साऱ्या पूर्व पर्वतराजीवर पसरला आणि चेस्टनटचे वृक्ष उभ्याउभ्या वाळून गेले. डोंगरावरच्या कुटुंबांची शरदातली मिळकत त्यांच्याबरोबर गेली. त्यातच १९३० चा भीषण दुष्काळ आला. डोंगरी माणूस असा चहूबाजूंनी खचलेला असताना सखल प्रदेशातील शहरांना त्याचा डोंगर हवासा वाटू लागला होता.

याचे एक कारण मोटार हे होय. १९०८ मध्ये फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी आली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२० नंतरच्या दशकात ती तीनशे डॉलरच्या आत आली. आगगाडीच्या वेळापत्रकातून मुक्त झालेले मध्यमवर्गीय कुटुंब रविवारी कोठे जावे याचा शोध घेऊ लागले. मोठी राष्ट्रीय उद्याने दूर पश्चिमेला होती. पूर्वेच्या दाट वस्तीसाठी एखादे उद्यान असावे म्हणून १९२६ मध्ये काँग्रेसने शेनांडोआ उद्यानास मान्यता दिली; मात्र जमीन विकत घेण्यास केंद्राचा पैसा मिळणार नव्हता. तेव्हा व्हर्जिनिया राज्याने १९२८ मध्ये कायदा करून जमिनी एकत्रितपणे सक्तीने संपादन करण्याचा अधिकार घेतला. हजाराहून अधिक तुकडे अशा रीतीने ताब्यात आले.

रस्त्याची कल्पना उचलून धरली ती राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी. याच डोंगरात रॅपिडन नदीच्या उगमाजवळ त्यांचे विश्रांतिस्थान होते. शेजारच्या डोंगरी मुलांसाठी त्यांनी व त्यांच्या पत्नीने १९३० मध्ये शाळाही सुरू केली होती. जुलै १९३१ मध्ये दुष्काळ निवारणाच्या निधीतून रस्त्याचे काम सुरू झाले, तेव्हा हाताला काम मिळाले म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनी समाधानच मानले. आपण खोदतो आहोत तो रस्ता आपल्याच शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावरून जाणार आहे, हे त्यांतील किती जणांना उमगले असेल?

उद्यान झाले तरी लोकांना राहू द्यावे, असा विचार आरंभी बोलला जात होता. १९३४ मध्ये तो पालटला. केंद्राने जमीन स्वीकारण्यापूर्वी ती रिकामी झाली पाहिजे, असे ठरले. हद्दीत पाचशेच्या आसपास कुटुंबे होती. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला मिळाला. पण अनेक जण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे होते आणि त्यांच्या हाती काहीच पडले नाही. काहींसाठी खाली खोऱ्यात घरांच्या वसाहती उभारल्या गेल्या. मोजक्या वृद्धांना मरेपर्यंत राहण्याची मुभा मिळाली. त्यांतील शेवटची वृद्धा, ॲनी शेंक, १९७९ मध्ये वारली.

काहींनी विरोध केला. एका बागायतदाराचा दावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३५ मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे डोंगर ऐन रंगात असताना, मेलँक्थन क्लायझर या दुकानदाराला बेड्या घालून त्याच्या घरातून बाहेर काढण्यात आले. त्या वेळी तो राष्ट्रगीत म्हणत होता, अशी नोंद आहे.

लोकमत विरुद्ध का गेले नाही? या माणसांविषयी शहरात आधीच एक चित्र रंगवले गेले होते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉलो फोक' या पुस्तकाने घळींतील रहिवाशांना जगापासून तुटलेले, मागासलेले ठरवले. अशांना हलवणे म्हणजे त्यांच्यावर उपकार करणे, असे वाचणाऱ्याला वाटावे! पुढे १९९० नंतर पुरातत्त्वज्ञांनी त्याच घळींतील घरांचे अवशेष तपासले, तेव्हा जगापासून तुटलेली ही प्रतिमा टिकली नाही. बाजाराशी आणि खालच्या गावांशी त्यांचा नित्य व्यवहार होता. लोक गरीब होते, हे खरे. परंतु गरिबी म्हणजे अडाणीपणा नव्हे. १९३४ ते १९३८ या काळात त्यांनी अधिकाऱ्यांना लिहिलेली सुमारे तीनशे पत्रे जतन झाली असून २००९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. सोडलेल्या घराच्या खिडक्या-दारे नेऊ का, बागेतली सफरचंदे तोडू का, उभे पीक काढू द्याल का, असे साधे प्रश्न त्यांत आहेत. स्वतः लावलेल्या झाडाचे फळ तोडण्यासाठी अर्ज!

१९३३ पासून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या योजनेतील बेकार तरुणांची पथके येथे कामाला लागली. महिना ३० डॉलर वेतनातील २५ डॉलर त्यांच्या घरी जात. त्यांनी उतार बांधले, झाडे लावली, कठडे रचले. आणि हुकूम आला तेव्हा रिकामी घरे पाडली व जाळलीही. स्वतः दारिद्र्यातून आलेल्या मुलांच्या हातून दरिद्री माणसांची घरे मोडली गेली. ३ जुलै १९३६ रोजी रूझवेल्ट यांनी उद्यानाचे लोकार्पण केले. १९३९ मध्ये रस्ता पूर्ण झाला.

हा रस्ता सर्व कुटुंबांसाठीही नव्हता. वर्णभेदाच्या प्रथेनुसार कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी १९३९ मध्ये लुईस माउंटन ही वेगळी जागा उघडण्यात आली. १९५० पर्यंत हा भेद उद्यानातून नाहीसा झाला. परंतु तोवर एका वडिलांना आपल्या मुलाला, या थांब्यावर आपण बसायचे नाही, हे सांगावे लागले असेल.

शेते मोकळी झाली आणि जंगल परतले. आज उद्यानाचा जवळजवळ सारा भाग वृक्षांखाली आहे. ज्या रंगांसाठी आपण थांबतो, ते रंग पुष्कळदा कोणाच्या तरी मक्याच्या शेतावर आणि गुरांच्या कुरणावर उगवलेले आहेत. रानात धुराड्यांचे दगड आढळतात. शंभरहून अधिक कौटुंबिक दफनभूमी तेथे आहेत. ज्या बिग मेडोज विश्रामगृहात आम्ही कॉफी घेतली, त्याच्या आतील भिंतींच्या फळ्याही मेलेल्या चेस्टनटच्याच आहेत, हे मला मागाहून कळले.

मग त्या सहलीला जाऊ नये का? मला तसे वाटत नाही. उद्यान झाले नसते तर कदाचित हे अरण्य राहिले नसते. माझ्या नातवंडांनी अस्वल पाहिले नसते. कुटुंबाने एकत्र बाहेर पडून सृष्टीचे रूप पाहावे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोणाचे घर उठल्यामुळे आपल्याला ही वाट मिळाली, एवढे तरी ठाऊक असावे. पावसाळ्यात मुळशीच्या जलाशयाकाठी गाडी थांबवून भुट्टे खाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना १९२१ मध्ये त्याच पाण्याखाली जाणाऱ्या शेतांसाठी मावळ्यांनी केलेला सत्याग्रह आठवतो?

परतताना आम्ही मॅडिसन परगण्यातून आलो. विस्थापितांच्या वंशजांनी पुढाकार घेऊन पायथ्याच्या परगण्यांत दगडी धुराडी स्मारक म्हणून उभी केली आहेत. तेथील धुराड्यापाशी डोंगरावरून उठलेल्या कुटुंबांची आडनावे कोरलेली आहेत. कॉर्बिन, निकल्सन, डॉडसन, वीकली... धाकटा बोट ठेवून एकेक आडनाव अडखळत वाचत होता. त्याच्या खिशात ते किडके सफरचंद अजून होते. त्याने ते बाहेर काढले, क्षणभर पाहिले आणि धुराड्याच्या चुलखंडात ठेवून दिले. मी पुतण्याला हळूच म्हटले, "आता त्याला उत्तर सांगायला हवं." गाडीत बसल्यावर मी सांगायला सुरुवात केली.