पेणचा विन्या, रोह्याचा चिंतामण आणि ‘हुशार मुलांचं काय, ती पुढे जातातच’

माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली आणि पीएचडी बुद्धिमत्ता मोजण्याच्या इतिहासावर. विषय सांगितला की समोरचा माणूस हमखास म्हणतो, ‘हुशार मुलांची काळजी कशाला करायची? ती पुढे जातातच.’ संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला या वाक्याची लगेच शंका येते. जी पुढे गेली तीच आपल्याला दिसतात, आणि मग आपण म्हणतो की सगळी पुढे जातात. सॅम्पलच चुकलंय!

हे प्रत्यक्षात घडलेलंही आहे. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार अतिहुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रकल्प सुरू केला. निवड आयक्यूवर होती. त्या चाचणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं कमी पडली म्हणून गाळली गेली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, शॉकलीला १९५६ मध्ये आणि अल्वारेझला १९६८ मध्ये.

पण आज कॅलिफोर्निया नको, आपला रायगड घेऊ. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनायक नरहरी भावे जन्मले. चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नात्याला चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले; त्यांचं बालपण रोह्यात गेलं. एक पुढे विनोबा झाले. दुसरे सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. शाळेच्या पुस्तकात दोघांचे धडे असतात, पण थोर पुरुष म्हणून. मला ते मुलं म्हणून बघायचे आहेत, कारण हुशार मुलाला गुणांखेरीज काय लागतं हे या दोघांकडे पाहून बरंच कळतं.

आधी विन्या. आई त्याला याच नावाने हाक मारायची. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, आई आणि मुलं गागोद्यात आजोबांकडे. विनोबांनी नंतर सांगितलेली एक आठवण फार बोलकी आहे. वडील येताना मिठाई आणणार होते, त्यामुळे पोरगा वाट बघत बसलेला. पुडकं उघडलं तर आत मुलांसाठीचं रामायण आणि महाभारत! तो ते घेऊन आईकडे धावला, तर आईचे डोळे भरून आले. यापेक्षा चांगली मिठाई असू शकत नाही, असं ती म्हणाली. खाऊऐवजी पुस्तकं हातात पडलेल्या मुलाला घरातल्या एका माणसाचा चेहरा सांगतो की हे खरोखर मौल्यवान आहे. लहान मुलाला हे पुरतं.

साधारण दहाव्या वर्षी या मुलाने ब्रह्मचर्याचा संकल्प केला. तुमचं-आमचं मूल असं म्हणालं तर काय होईल? हसू, नाहीतर डॉक्टर. रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. लग्नाचा आग्रह तर धरला नाहीच, उलट आपण पुरुष असते तर वैराग्य काय असतं ते दाखवून दिलं असतं, असं त्या म्हणत. ब्रह्मचर्य बरोबर की चूक हा इथे मुद्दा नाही. मुलाच्या डोक्यात त्याच्या वयाला न शोभणारा प्रश्न आला आणि घरातल्या मोठ्या माणसाने तो खरा प्रश्न मानला, हा मुद्दा आहे.

इथे थोडं संशोधन. टर्मनच्याच काळात न्यू यॉर्कमध्ये लेटा हॉलिंगवर्थ ही बाई अतिहुशार मुलांसोबत काम करत होती. टर्मनचा भर या मुलांच्या कर्तबगारीवर. हिने त्यांचं एकटेपण पाहिलं. तिचं निरीक्षण असं, की मोठ्या माणसाची बुद्धी आणि लहान मुलाच्या भावना एकाच अंगात नांदत असतील तर जगणं अवघड होतं. मरणाबद्दल, देवाबद्दल, अन्यायाबद्दलचे प्रश्न लवकर येतात, ते पेलायची ताकद मात्र वयाप्रमाणेच येते. शिवाय बुद्धी फारच जास्त असेल तर बरोबरीचे मित्र मिळत नाहीत. तिचं मुख्य पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, १९४२ मध्ये, आलं. १९९१ मध्ये काही अमेरिकन पालक आणि अभ्यासकांनी या विषम वाढीलाच ‘गिफ्टेड’ असण्याची व्याख्या मानलं. मुलाचं मन, बुद्धी आणि शरीर वेगवेगळ्या वेगाने वाढतं. आधार लागतो तो या फरकासाठी.

आता परत बडोद्याला, कारण भावे कुटुंब तिकडे गेलं. वडिलांचा हात विन्यावर वरचेवर पडायचा. सोळावं लागलं आणि एके दिवशी मार थांबला. सोळाव्या वर्षी मुलाला मित्र मानावं हे वचन वडील पाळत होते, असं विनोबांच्या पुढे लक्षात आलं. आपल्याकडे ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र त्यात त्याआधीची वर्षंच जास्त दिसतात. शाळेत वडिलांच्या इच्छेने फ्रेंच घ्यावं लागलं, आईला संस्कृत हवं होतं. मुलगा शाळेत फ्रेंच शिकला आणि संस्कृत घरी, स्वतःचं स्वतः.

या सगळ्यात त्याला कशाने सावरलं असेल, तर मित्रांनी. बडोद्यात त्याने आणि सोबत्यांनी ‘विद्यार्थी मंडळ’ काढलं. व्याख्यानं, चर्चा, वर्गणीतून जमवलेलं ग्रंथालय. लांब लांब फिरणं आणि फिरताना अखंड वाद. हॉलिंगवर्थ ज्याला बरोबरीचे सोबती म्हणते ते हेच. ही मैत्री किती खोल होती बघा: १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक सुरतेला उतरून काशीला गेला तेव्हा बेडेकर नावाचा मित्र सोबत होता, आणि गोपाळराव काळे, धोत्रे, मोघे हे मंडळातले सोबती पुढे वर्ध्याच्या कामातही राहिले. आपली प्रमाणपत्रं त्याने त्याआधीच घरच्या चुलीत घातली होती. असू देत, कधीतरी उपयोगी पडतील, असं आई म्हणाली खरी, पण तिने हात धरला नाही.

रोह्याच्या चिंतामणची गोष्ट उलट्या टोकाची. वडील वकील, मुलगा परीक्षेत अव्वल. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज, वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूशास्त्र घेऊन १९१७ मध्ये पदवी, वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसच्या परीक्षेतही पहिला. (सायन्सवाल्यांनी नोंद घ्यावी, अर्थमंत्री मूळचे आपल्यातले.) प्रत्येक पायरीवर शिडी तयार होती, चढायचं तेवढं बाकी.

पण शिडीच्या टोकाला पोचल्यावर बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला प्रश्न पडला: देशात हे चाललेलं असताना इंग्रजांची नोकरी करायची का? ही विषम वाढ नव्हे, पण एकटेपण तेच. पहिला आला होता, त्यामुळे कोणाला विचारणार? टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये होते. चिंतामणराव त्यांना भेटले. टिळकांनी नोकरी करायला सांगितलं. स्वराज्य आल्यावर कारभाराचा अनुभव असलेली माणसं लागतीलच. सल्ला योग्य की अयोग्य यावर वाद घाला. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्याने स्वतः तुरुंग भोगला त्याने या मुलाला ‘देशद्रोही’ ठरवलं नाही आणि ‘एवढा हुशार, तुझं तूच बघ’ असंही म्हटलं नाही. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर याच माणसाने अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा तो लोकसभेत आपल्या कुलाब्याचाच खासदार होता.

इथे कोणी म्हणेल, बघा, दोघंही पुढे गेलेच ना. म्हणूनच चिंतामणरावांच्या घरातलंच तिसरं उदाहरण घेते. १९५३ मध्ये त्यांनी ज्यांच्याशी लग्न केलं त्या दुर्गाबाई आंध्रच्या. आठव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं होतं. मोठ्या झाल्यावर ते त्यांनी नाकारलं. मॅट्रिक बऱ्याच उशिरा, बाहेरून बसून. बुद्धी कमी होती म्हणून नव्हे, वकील झाल्या, संविधान सभेत बसल्या. मुलीसाठी शिडी नव्हती, एवढंच. मद्रासला त्यांनी आंध्र महिला सभा काढली आणि तिथे अर्धवट शिक्षण सुटलेल्या मुलींना मॅट्रिकला बसवायचे वर्ग चालवले. गागोद्याच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर १८९५ साली जन्मलेल्या मुलांमध्ये विनोबांइतका हुशार कोणी नव्हताच, असं मानायला संख्याशास्त्रात तरी काहीच आधार नाही.

रोह्याचाच आणखी एक मुलगा, पांडुरंगशास्त्री आठवले, जन्म १९२०. त्याच्या बाराव्या वर्षी आजोबांनी त्याच्यासाठी वेगळा अभ्यासक्रमच आखला, तपोवनाच्या धर्तीवर. घरात शास्त्री आजोबा असले की हे जमतं. नसतील तर?

या ‘नसतील तर’चं उत्तर म्हणून महाराष्ट्रात पहिला मोठा प्रयत्न झाला तो पुण्यात. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, गिल्फर्डच्या बुद्धिमत्तेच्या मांडणीचा आधार घेत. नंतर केंद्राची नवोदय विद्यालयं आली. आपल्या जिल्ह्याचं माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. सहावीला निवड, वसतिगृह, घर सोडून राहणं. खेड्यातल्या मुलाला बरोबरीचे सोबती मिळतात, हा मोठा फायदा. पण अकरा वर्षांच्या मुलाला आईचा चेहरा रोज दिसत नाही, ही किंमतही आहे.

आज पेणच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या किंवा धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या आईबापांचं मूल असे प्रश्न घेऊन येतं, तेव्हा आपल्याकडे द्यायला असतं काय? स्कॉलरशिपचं गाईड आणि क्लासची फी. दोन्ही लागतंच. पण बडोद्यातल्या त्या मंडळाला फीही नव्हती आणि मास्तरही नव्हता. दहा-पंधरा पोरं, थोडी पुस्तकं आणि फिरायला रस्ता, एवढंच होतं. पेण आणि रोह्याच्या ग्रंथालयांत शनिवारी संध्याकाळी असं काही करता येईल का, याबद्दल तिथल्या शिक्षकांनी मला जरूर लिहावं. गिल्फर्डच्या चाचण्या मराठीत आणताना काय काय अडलं, ते पुढच्या लेखात.