आधी ठराव, मग धीटपणा

भाषणाला उभं राहिलं की पाय का लटपटतात? सेलूत जयंतीच्या तयारीला बसलो की मुली आम्हाला हेच विचारतात. आवाज, हातवारे, शेरोशायरी शिकवणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांना 20 जुलै 1942 चं नागपूर सांगतो.

त्या दिवशी तिथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया जमल्या. बाबासाहेबही बोलले. पण बायका नुसत्या ऐकायला आल्या नव्हत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, नुकसानभरपाई आणि पेन्शन, असे ठराव त्यांनी केले. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी राजीनामा दिला तो 1951 मध्ये. हे ठराव त्याच्या नऊ वर्षं आधीचे!

ठराव ही वक्तृत्वाची शाळाच आहे. एकीने मांडायचा, दुसरीने अनुमोदन द्यायचं. काय हवं, कोणाकडून आणि का, एवढं पक्कं असलं की घसा कोरडा पडला तरी मुद्दा सुटत नाही. आधी मागणी येते. धीटपणा तिच्या मागून येतो.

आज मात्र आपल्याच मंचावर मुलींच्या हाती हार आणि माईक पुरुषांकडे. 1942 च्याही मागे जायचं आहे का आपल्याला?

म्हणून या जयंतीला मुलींना ‘दोन शब्द’ बोलायला सांगू नका. ठराव मांडायला सांगा: वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा, बसचा. मंजूर झाला की निवेदन घेऊन तहसीलवर जाताना तिलाच पुढे करा.

जय भीम!