ओपल
ओपल : पाहण्याचा कोन बदलताच इंद्रधनुष्याचे रंग दाखविणारे रत्न. हे जलयुक्त सिलिकेचे असून त्यात साधारणतः ३ ते १० टक्के पाणी असते. कठिनता ५.५–६.५, वि. गु. सु. २.१. त्याचे रंग रंगद्रव्याचे नसतात. मौल्यवान ओपलात सिलिकेचे समान आकारमानाचे अतिसूक्ष्म गोल नियमित थरांत रचलेले असतात व त्यांच्यामुळे प्रकाशाचे विवर्तन होते, असे जे. व्ही. सँडर्स यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले. साध्या ओपलात ही रचना नियमित नसल्याने ते बहुधा नुसतेच दुधी दिसते.

‘ओपल’ हे नाव संस्कृत ‘उपल’ (दगड, रत्न) या शब्दावरून ग्रीक व लॅटिनमार्गे आले, असे सामान्यतः मानतात. रोमन लेखक थोरला प्लिनी (२३–७९) याने भारत हाच या रत्नाचा उगमदेश सांगितला आहे. त्या काळी दख्खनचा रोमशी व्यापारी संबंध होता, याची साक्ष कोल्हापूरात मिळते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली. दगडी व काचेचे मणीही मिळाले.

तथापि एवढ्यावरून ओपल येथून रोमला जात होते, असे ठरत नाही. दख्खनच्या बेसॉल्टातील पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडोनी यांबरोबर साधे ओपल आढळते. रंगदार ओपलाचे महत्त्वाचे साठे येथे नाहीत. रोमन ओपल आजच्या पूर्व स्लोव्हाकियातील असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. काचेत ओपलाची हुबेहूब नक्कल केली जाते व ती केवळ उन्हात ओळखू येते, असेही प्लिनीने नमूद केले आहे. ब्रह्मपुरीचे काचमणी अशा नकला होत्या असे म्हणण्यास आधार नाही; परंतु दख्खनमध्ये काचमणी प्रचारात होते, एवढे त्यांवरून निश्चित होते. सारांश, नावाचे भारतीयत्व बहुतांशी मान्य असले, तरी रत्नाचे भारतीयत्व सिद्ध झालेले नाही.

नवरत्नांत ओपलाचा समावेश नाही. हल्ली ते हिऱ्याऐवजी शुक्राचे उपरत्न म्हणून वापरतात. ते मुख्यतः ऑस्ट्रेलिया व इथिओपिया येथून येते. त्यातील पाणी उष्णतेने निघून गेल्यास त्याला तडे जातात. म्हणून ते प्रखर उष्णतेपासून जपावे लागते.